पाहुण्यांचा पासवर्ड

शाल्मलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोहे ठेवले आणि वसंतरावांनी हौसेने त्यांना घरचा पासवर्ड सांगून टाकला.

"बाबा, कशाला?" शाल्मली कुजबुजली.

"अगं, दारी आलेल्या माणसाला नेट नाही द्यायचं?"

घरात कनेक्शन एकच, आणि ते थेट प्रत्येकाच्या कानामागच्या चिपला. एका लायनीवर माणसं वाढली की एकाची चव दुसऱ्याच्या जिभेवर उतरायची. बाबांचा कारल्याचा रस रोज सगळं घर प्यायचं, तेवढं चालायचं. आज पाहुण्यांची भर पडली.

"आमच्या निनादला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हो," मुलाची आई म्हणाली. निनाद तोंड मिटून गोड हसला.

आणि शाल्मलीच्या तोंडात घाण उसळली. ओला चुना, सडका कात, तंबाखू, वर कोमट लाळ. शी! या तोंडाशी जन्मभर संसार करायचा? ती बेसिनकडे धावली. थुंकली, चूळ भरली, जीभ खरवडली. काहीच निघेना, कारण तिच्या तोंडात काही नव्हतंच.

"लाजली वाटतं," निनाद ओठ न उघडता बोलला. तेवढ्यानं नवा घोट सगळ्यांच्या घशात उतरला.

कुणीतरी शाल्मलीला बाजूला ढकललं. मुलाची आई तोंडाला पदर लावून बेसिनवर वाकली होती.

"पोरी," ओकारी आवरत ती म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येकाचं वेगळं कनेक्शन गं. मला कळणार कसं? तू आपली नाहीच म्हण."