रणगाडा बारीक झाला

पहिलीच बुक्की अशी बसली की त्या पोराचे पुढचे दोन दात थेट बारच्या पायरीवर. दुसरी नाकावर. पोरगा आडवा झाला, तरी बाउन्सर थांबेना. छातीवर बसला आणि दणादण, दणादण. आत्तापर्यंत पोराचे मित्र दारात उभे राहून बाउन्सरचीच खेचत होते, "काका, शर्ट आलाय, माणूस कुठंय?" म्हणून ढकलत होते. ते सगळे रस्ता मिळेल तिकडे पळाले. शेवटी मॅनेजर आणि दोन वेटरनी काखेत हात घालून त्याला मागे खेचला.

या बाउन्सरला सगळे रणगाडा म्हणायचे. दार भरून जायचं त्याच्यानं. पण हृदय थकलं, आणि वजन उतरवणाऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर मुलीला बापाविना वाढावं लागेल. झालं. गडी सुतासारखा सरळ. साखर बंद, पहाटे चालणं, आणि कमी खाण्यानं अशक्तपणा यायला नको म्हणून दर आठवड्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. बघता बघता निम्मा झाला.

मारामारीच्या दुसऱ्या दिवशीही तो इंजेक्शनला हजर. काट्यावर उभा राहिला.

"वा, आणखी उतरलं," डॉक्टर खूश.

नर्सनं बाही वर केली. "दादा, मूठ सोडा. दंड ढिला ठेवा."

मूठ सुटेना. बोटं सुजून टम्म, सालटी निघालेली. डॉक्टर पुढे आले, आणि मग त्यानं सगळं सांगितलं. पोराचा जबडा मोडलाय, अजून शुद्धीवर नाही. दुपारी पोलिसांनी बोलावलंय.

डॉक्टरांचं डोकंच फिरलं. "अहो, इतकी वर्षं हेच काम करताय ना? एखाद्याला इतकं मारतात का?"

"इतकी वर्षं मी नुसता दारात उभा राहायचो, डॉक्टर. मला बघूनच लोक गुपचूप घरी जायचे."

नर्सचा हात सुईसकट हवेतच थांबला.

"कुणावर हात उचलायची कालची पहिलीच वेळ," तो म्हणाला. "किती मारल्यावर थांबायचं, तेच माहीत नव्हतं."