कांद्याची साल

बडीशेपेच्या कोमट पाण्याचा चमचा बायकोच्या, इन्शिराहच्या ओठांपर्यंत नेऊन शाबान थांबला. आधारासाठी त्याचा डावा हात तिच्या मानेखाली होता. बोटांखाली काहीतरी कुरकुरलं.

सकाळी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. घसा दुखतोय, असं ती दुपारपासून म्हणत होती. भूल देताना नळी घालतात, दुखणारच, असं नर्सनं सांगितलं होतं.

शाबाननं पुन्हा दाबून पाहिलं. तीस वर्षं तो इजिप्तमधल्या दमनहूरच्या चौकात गाडीवर वडे तळत होता. रोज पोतंभर कांदा सोलत होता.

"सिस्टर, डॉक्टरीणबाईंना बोलवा. हिची मान कांद्याच्या सुक्या सालीसारखी वाजतेय."

नर्स हसली. भूल देणारी डॉक्टर नर्मीन आली, ती हसली नाही. तिनं मान चाचपली आणि शाबानच्या हातातला चमचा काढून घेतला.

"नळी तिसऱ्या खेपेला आत गेली होती," ती म्हणाली. "माझ्या हातून अन्ननलिकेला छेद पडला असावा. तिथून हवा बाहेर येतेय. आता पाण्याचा थेंबही नाही. तो छातीत उतरेल."

स्कॅनमध्ये छेद दिसला. लहान होता. औषधं, अन्न, सगळं शिरेतून सुरू झालं. छेद आपोआप भरला नाही, तर मान उघडावी लागणार होती.

रोज संध्याकाळी शाबान खाटेशी येऊन बसायचा.

"आज काय खाल्लंस?" इन्शिराह विचारायची.

"सहा वडे, कांदा, लोणचं," विजार वर ओढत तो सांगायचा. "पोट फुटेस्तोवर."

"खा, मेल्या. मी इथं वाऱ्यावर जगतेय."

नवव्या दिवशी तिला एक्स-रेत दिसणारं औषध गिळायला देऊन फोटो काढले. अन्ननलिकेबाहेर थेंबही गेला नव्हता. दह्याची वाटी डॉक्टर नर्मीन स्वतः घेऊन आली. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा गजर केला की रखवालदार धावत आला.

शाबाननं चमचा भरला. इन्शिराहनं त्याचं मनगट धरलं आणि चमचा त्याच्याच तोंडाकडे वळवला.

"आधी तू," ती म्हणाली. "आठ दिवस वडे-कांदा हाणत होतास म्हणे. तोंडाला एकदाही कांद्याचा वास आला नाही."