तणाचं औषध

बाबांनी सकाळी कोकोच्या बागेत तण मारायचं औषध फवारलं आणि दुपारी तिथंच आपोआप उगवलेलं अळू टोपलीभर घेऊन आले. “कोमेजायच्या आत शिजव गं, फुफूच्या मऊ गोळ्यांबरोबर झकास लागेल!” सातवा महिना लागलेली आई निमूट पानं चिरायला बसली. माझं डोकंच फिरलं. “बाबा, त्यावर विष पडलंय!” “विष नाही, औषध. कुमासी शहरातला दुकानदारसुद्धा औषधच म्हणतो.” “बाटलीवर कवटी छापलीये!” “ती तणाला घाबरवायला. औषधानं कधी कोणी मरतं का? धुऊन घ्या, झालं. चार बुकं शिकली आणि निघाली बापाला शिकवायला!” “बरं,” म्हणत मी टोपली उचलली आणि अंगणातल्या शेळीपुढे ठेवली. तिनं तोंड घालायच्या आत बाबा धावले, टोपली ओढून घेतली, वर मलाच ओरडले, “अक्कल गहाण टाकलीस? गाभण आहे ती!” आईनं सुरी खाली ठेवली. “आणि मी?”