भुईकाजळीचा निकाल

आराधनानं प्लेट उजेडासमोर धरली. कॅन्सरच्या पेशी ठेवलेल्या खोबणी पिवळ्याच राहिल्या होत्या. शेजारच्या, निरोगी पेशींच्या खोबणी गडद जांभळ्या झाल्या होत्या.

"मॅडम, जरा येता का?"

राहात्याजवळच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अश्विनी मॅडम पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत बसल्या होत्या. आराधनाचा आवाज ऐकून त्या पेन हातात घेऊनच उठल्या.

चाचणी तशी साधी होती. पेशी जिवंत असतील तर पिवळ्याचं जांभळं होतं, मेल्या असतील तर होत नाही. भुईकाजळीच्या पाल्याच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मारल्या होत्या आणि निरोगी पेशींना धक्काही लावला नव्हता.

"अर्क ज्यात विरघळवला, ते नुसतं टाकून बघितलंस?"

"ह्या बघा त्या खोबणी. जांभळ्या आहेत."

"म्हणजे पालाच मारतोय." मॅडम स्टुलावर टेकल्या. "मागच्या खेपेला मी म्हटलं, तुझा हात चुकला असेल."

"त्याच्या आधी म्हणालात, पेशी जुन्या झाल्या असतील."

दोघींना हसू आवरेना. मग मॅडमनी प्लेट मशीनला लावली, आकडे आले, ते दोघींनी वेगवेगळे वाचले. डोळ्यांना दिसलं होतं तेच आकडे सांगत होते.

"लग्नाआधीपासून मी झाडपाला उकळतेय," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक वेळा सगळ्याच पेशी मरतात, नाहीतर सगळ्याच जगतात. असं काही बघायला मिळेल ही आशा मी सोडली होती."

पुढचं सगळं त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या ठरवून टाकलं. ताजा पाला आणायचा. त्यातला नेमका कुठला घटक काम करतो ते वेगळं काढायचं. मग उंदरांवर, किती मात्रा सोसते ते बघायचं.

"औषध व्हायला माझी रिटायरमेंट उलटून जाईल, बरं का. प्लेटमध्ये जमलं ते शरीरात जमेलच असं नाही. कितीतरी झाडं इथंच अडकतात." त्यांनी आराधनाच्या खांद्यावर हात ठेवला. "पण सुरुवात अशीच होते, पोरी. आज घरी जा. पप्पांना सांग."

"सांगते. रोज विचारतात."

राहुरीच्या बसमध्ये तिला धड बसवत नव्हतं. बाभळेश्वर गेलं, कोल्हारचा पूल आला, तिचं लक्षच नव्हतं. डोळ्यांपुढं त्या पिवळ्या खोबणी होत्या. आपण एकट्याच हसतोय हे तिला कंडक्टरनं विचारल्यावर कळलं.

"काय ताई, नोकरी लागली का?"

"त्याहून भारी झालं, काका."

भुईकाजळी घरात आली ती पप्पांमुळं. आमोस एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. नाताळानंतर त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. नगरच्या सर्जननं आराधनाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "गाठ अजून एकाच जागी आहे. आत्ता काढली तर तुझे वडील चांगले खणखणीत होतील. पसरली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

आमोस तयार होईनात. त्यांचा धाकटा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. "हसत आत गेल्ता तो," एवढंच ते बोलायचे आणि विषय मिटवायचे. तशात मुळा धरणाकडच्या छगननं पाला आणून दिला. ठेचला की काळा रस निघतो, म्हणून त्या बाजूला त्याला भुईकाजळी म्हणत. आमोस त्याचा काढा घ्यायला लागले. भूक लागते म्हणाले, झोप लागते म्हणाले. वजन मात्र उतरत होतं.

आराधना भांडली, रडली, अबोला धरून बसली. आई, रेबेका, नुसती प्रार्थना करत होती. शेवटी एका रविवारी चर्चहून येताना आमोसच म्हणाले, "तुझ्याकडं मशीन हाय ना? मग तपास की. पाला चांगला निघाला तर मी ह्योच पिनार, ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाई. खोटा निघाला तर तू म्हनशील तितं येतो. पर तपास नीट कर. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुनाचं मी ऐकायचो न्हाई."

आणि तिनं नीट तपासलं होतं. इतकं नीट तिनं आयुष्यात काही केलं नव्हतं.

राहुरीला उतरून ती जवळजवळ पळतच निघाली. घराच्या फाटकाशी आल्यावर थांबली, ओढणीनं घाम पुसला, मग कडी काढली.

आमोस अंगणात खुर्ची टाकून बसले होते. हातात काढ्याचा पेला होता.

"लवकर आलीस. निकाल लागला व्हय?"

"लागला, पप्पा."

पिठाच्या हातानं रेबेका दारात आली. आमोसनी खुर्ची पुढं ओढली. त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"मला सकाळपास्नंच वाटत हुतं, आज काईतरी व्हनार. छगनलाबी फोन केल्ता मी. सांग, सांग."

"तीनदा करून बघितलं," आराधना म्हणाली. "तिन्ही वेळा तेच आलं. मॅडमनीपण बघितलं. चूक असायची शक्यताच नाही."

"म्या म्हनलंच हुतं," आमोस रेबेकाकडं वळून म्हणाले आणि त्यांनी पेला ओठांशी नेला.

आराधनानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"विष आहे ते, पप्पा. उद्या ऑपरेशनला जाऊ."