बायकांची बाजू

रिटायर झाल्यावर निर्मळला जोडीनं जायचं, तळ्यावरच्या देवळात दर्शन घेऊन निवांत कीर्तन ऐकायचं, असं आमचं ठरलेलं. वैशाखात हे वारले, म्हणून परवा विरारहून मी एकटीच गेले. देवळात बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या टोकाशी बसले. बुवांनी अभंग असा काही लावला, की आत्ता हे शेजारी हवे होते, असं सारखं वाटत राहिलं.

पूर्वरंग संपला, तशी एक ताई हळदीकुंकू घेऊन आली. मी कपाळावर हात धरला. "मला नको गं. माझे यजमान गेले."

ती माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हसली.



"काका, उठा बघू. बायकांत येऊन बसलात, म्हणून काकू काय बोलतायत, ऐकलंत ना?"