घासलेला पाट

पाणी सोडून तास उलटला, तरी खाली वाडीपाशी थेंब नाही.

गवंडीणबाईने पाटाच्या तोंडाशी वाकून पुन्हा पाहिलं. डोंगराच्या कडेकडेने आणलेला हा दगडी पाट, खापरपणज्याच्या काळचा. तिची उभी हयात त्याचे दगड बसवण्यात गेलेली. आज पाटबंधारे खात्याच्या मॅडम पाहणीला आल्या होत्या. पाट वाहिला तर जपायचा, नाही वाहिला तर बुजवून वरून पाइप टाकायचा, असा सरळ हिशेब!

एवढ्यात तिचा दीर धापा टाकत उतरला. "वहिनी, पाणी मधल्या वळणावरच गडप होतंय!"

गुडघे दुखतात हे विसरून ती वर धावली. बघते तर काय, वळणावरचा पाट ताटासारखा लख्ख!

"इथला गाळ कुणी काढला?"

"आम्हीच की!" दीर खुशीत म्हणाला. "सगळी वाडी दोन दिवस खराट्याने घासत होती. पाहुण्यांना काय घाण दाखवायची?"

"अरे दीडशहाण्यांनो! त्या गाळानेच दगडांचे सांधे धरले होते!" तिने कपाळावर हात मारला, पण क्षणभरच. "वरचं पाणी अडवा! चिकणमाती आणा, घमेली आणा, पळा!"

वाडी पळाली. तांबडी माती पडली, पाणी शिंपडलं आणि सगळे अनवाणी पाटात उतरून ती तुडवू लागले. सासवा लुगडी खोचून, सुना त्यांचा हात धरून. कोण घसरलं, कोण हसलं, गलका नुसता!

"अहो, किती छान दिसत होता," मागोमाग वर आलेल्या मॅडम हळहळल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आणि मला चारला निघायचंय."

"मग उतरा की!" गवंडीणबाई म्हणाली. "दोन पाय जास्त, तेवढं काम लवकर."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि बूट काढले.

साडेतीनला पाणी पुन्हा सोडलं. ते वळणावर आलं, जरा घुटमळलं आणि पुढे निघालं! गवंडीणबाई त्याच्या बरोबरीने पळत सुटली, मागून अख्खी वाडी. खाली पोचली तेव्हा लालभडक पाणी धो धो कोसळत होतं आणि ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या मॅडमनी कागद काढला. "पाटाची अवस्था... स्वच्छ, असं लिहू ना?"

"खबरदार!" गवंडीणबाई ओरडली. "घाण लिहा, बाई. चांगला घाण आहे म्हणावं!"