पडद्याआडचे काका

“वॉर्डात मावशी म्हणून राबलीस ते तिथे बोलू नकोस. नर्सच्या जागेवर आयाला कोण घेतं?” मैत्रिणीने असं बजावल्यावर जयमालाने ती पाच वर्षं अर्जातून गाळूनच टाकली आणि नर्सिंगची नवीकोरी पदवी घेऊन मुलाखतीला आली.

प्रात्यक्षिकासाठी पलंगावर एक रबरी पुतळा निजवला होता. पेशंटला न उठवता खालची चादर बदलून दाखवायची होती. जयमालाने सवयीने पलंगाभोवतीचा पडदा सर्रकन ओढून घेतला. परीक्षा घेणारे डॉक्टर आणि मेट्रन, दोघंही बाहेरच राहिले.

आतून आवाज आला, “काका, जरा या कुशीवर होऊ या हं. माझे हात गार आहेत, दचकू नका.”

डॉक्टरांनी हसू दाबत पडदा बाजूला केला. “अहो सिस्टर, पुतळा आहे तो. उत्तर देणार आहे का?”

“आमच्या आयसीयूतलेही बरेच जण द्यायचे नाहीत, सर. तरी सांगावं लागतं.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

“कुठलं आयसीयू?” मेट्रननी चष्म्यावरून पाहिलं. “अर्जात तर काहीच नाही.”

“मावशी होते मी तिथे, मॅडम.” आता लपवण्यात अर्थ नव्हता.

मेट्रननी पुतळ्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि वाकून त्यालाच म्हणाल्या, “काका, ही सोमवारपासून येतेय हं.”